शत्रूचे खाते

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

संध्याकाळची आरती झाली, प्रसाद हातावर पडला, की आम्ही सातआठ जण मंदिराच्या पायऱ्यांवर घटकाभर टेकतो. त्यात शेतकरी आहेत, निवृत्त मास्तर आहेत, एक माजी सुभेदार आहेत आणि बँकेच्या खतावण्या लिहून निवृत्त झालेला मी आहे. हल्ली कोणाच्या तरी मोबाईलवर युक्रेनची नाहीतर गाझाची बातमी येते. अमुक दवाखान्यावर बॉम्ब पडला, तमुक शाळेवर क्षेपणास्त्र आले. मग कोणीतरी हमखास म्हणते, "युद्धात कसला आलाय कायदा? ते जिनिव्हा-बिनिव्हा सगळं कागदावर!" बाकीचे माना डोलावतात आणि विषय पावसापाण्याकडे वळतो.

मला मात्र हा विषय तेवढ्यावर सोडवत नाही. एक तर आपण सातारा जिल्ह्याची माणसे. इथे लष्कर ही टीव्हीवरची गोष्ट नाही, घरातली आहे. आपल्या जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाच्या नावापुढे लोक 'मिलिटरी' लावतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. आपल्या रहिमतपूरच्या पंचक्रोशीतही कोणाचा मुलगा, कोणाचा जावई, कोणाचा नातू आज सीमेवर उभा आहे. तो उद्या शत्रूच्या हाती सापडला तर त्याचे काय होईल, आणि शत्रूचा माणूस त्याच्या हाती सापडला तर त्याने काय करावे, हे दोन्ही प्रश्न आपल्या उंबऱ्याच्या आतले आहेत. दुसरे असे, की 'कागदावर' हा शब्द कोणी तुच्छतेने उच्चारला की मला राहवत नाही. माझी सगळी नोकरी कागदावरच गेली. कागदावरची एक नोंद माणसाला काय देते, आणि ती नसली तर काय हिरावून घेते, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिले आहे.

मी काही वकील नाही. बी.कॉम. झालेला कारकून. तेव्हा हा कायदा मला जसा दिसला तसा सांगतो.

ह्या कायद्याचा उगम एका व्यापाऱ्यापासून झाला, हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला मौज वाटली. हेन्री ड्यूनां हा जिनिव्हाचा माणूस. अल्जीरियातल्या आपल्या धंद्याला परवानगी हवी म्हणून फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन ह्याला गाठायला तो १८५९ च्या जूनमध्ये उत्तर इटलीत गेला. बादशहा होता लढाईवर. २४ जूनला सोल्फेरिनो येथे दोन फौजा भिडल्या आणि दिवस मावळेपर्यंत मेलेली आणि जखमी मिळून सुमारे चाळीस हजार माणसे पडली. जखमींना घोटभर पाणी द्यायला कोणी नव्हते. ड्यूनांने शेजारच्या गावातल्या बायाबापड्या गोळा केल्या आणि मलमपट्टी सुरू केली. हा आपला, तो परका, असे त्या बायकांनी पाहिले नाही; सगळेच भाऊ, असे त्या म्हणत. ड्यूनांने १८६२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले, १८६३ मध्ये रेड क्रॉसची स्थापना झाली आणि २२ ऑगस्ट १८६४ रोजी १२ राष्ट्रांनी पहिल्या जिनिव्हा करारावर सह्या केल्या. धंद्यात मात्र ह्या गृहस्थाचे दिवाळे निघाले. पुढे १९०१ मध्ये शांततेचे पहिले नोबेल पारितोषिक त्याला विभागून मिळाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १२ ऑगस्ट १९४९ रोजी, आज चालू असलेले चार करार झाले. पहिला जमिनीवरच्या जखमी सैनिकांसाठी, दुसरा समुद्रावरच्या, तिसरा युद्धकैद्यांसाठी आणि चौथा सामान्य नागरिकांसाठी. भारताने ते १९५० मध्ये मान्य केले आणि १९६० मध्ये आपल्या संसदेने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा कायदा 'युद्ध करू नका' असे सांगत नाही. युद्ध कोणी उकरून काढले, खरा कोण, खोटा कोण, हेही विचारत नाही. त्याचे म्हणणे एवढेच, की ज्याच्या हातातले शस्त्र गळून पडले, किंवा ज्याच्या हातात ते कधी नव्हतेच, त्याच्यावर वार नाही.

निवृत्तीनंतर मी तिसरा करार, म्हणजे युद्धकैद्यांचा, सावकाश वाचून काढला. १४३ कलमे आहेत. वाचता वाचता मी थक्क झालो, कारण त्यात मला माझी बँकच भेटली. पकडलेल्या सैनिकाने आपले नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि लष्करी क्रमांक एवढेच सांगायचे. त्यापुढे त्याच्यावर जबरदस्ती करायची नाही. त्याच्या खिशातले पैसे काढून घ्यायचे असतील तर अधिकाऱ्याच्या हुकमानेच, रजिस्टरला रक्कम चढवून आणि त्याला रीतसर पावती देऊन. त्याला दरमहा आगाऊ पगार द्यायचा: साध्या शिपायाला ८ स्विस फ्रँक, सार्जंटला १२, मेजरच्या खालच्या अधिकाऱ्याला ५०, आणि सेनापतीच्या दर्जाच्या माणसाला ७५. प्रत्येक कैद्याच्या नावाने एक खाते ठेवायचे. त्यात जमा-नावे जी नोंद होईल तिच्यावर त्याची, किंवा कैद्यांच्या प्रतिनिधीची, सही घ्यायची. सुटकेच्या दिवशी त्याच्या हातात शिलकेचा दाखला द्यायचा, आणि त्यावर अधिकाऱ्याची सही हवी. छावणीत पोचल्यापासून एका आठवड्याच्या आत त्याला घरी एक कार्ड लिहू द्यायचे, आणि तसेच कार्ड जिनिव्हाच्या मध्यवर्ती कचेरीकडे जायचे.

विचार करा. काल ज्याने आपल्यावर गोळी झाडली, त्याच्या नावाने आज आपण खाते उघडायचे! पहिल्यांदा हे हास्यास्पद वाटते. मलाही वाटले. पण बँकेत राहिलेल्या माणसाला खात्याचा अर्थ ठाऊक असतो. खाते म्हणजे नुसते पैसे नव्हेत. खाते म्हणजे ह्या नावाचा एक माणूस आहे, तो आमच्याकडे आहे, आणि त्याचा जाब आम्हाला द्यावा लागणार आहे, ह्याची लेखी कबुली. ज्याचे नाव खतावणीत चढले तो गुपचूप नाहीसा होऊ शकत नाही. नाहीसा झालाच, तर कोणीतरी विचारतो, शिल्लक कुठे गेली?

ह्याची साक्ष पटावी म्हणून दोन मराठी माणसांची हकीगत सांगतो. दोघेही हवाई दलाचे, दोघेही फ्लाइट लेफ्टनंट, दोघेही १९७१ च्या डिसेंबरातले. त्या वर्षी दत्तजयंती नुकतीच झाली होती आणि ३ डिसेंबरला युद्ध पेटले.

पहिले दिलीप परुळकर. १० डिसेंबरला त्यांचे विमान पडले आणि ते पाकिस्तानच्या हाती सापडले. रावळपिंडीच्या छावणीत त्यांच्यासारखेच आपले आणखी वैमानिक होते. नोंद झाली, घरी खबर पोचली. परुळकर काही स्वस्थ बसणारे नव्हते. मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी ह्या दोघांना बरोबर घेऊन त्यांनी भिंत पोखरली आणि ऑगस्ट १९७२ मध्ये, पाकिस्तानच्या स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर, तिघे रात्रीतून निसटले. बसने पेशावर, तिथून खैबर खिंडीच्या वाटेने लंडीकोटल. अफगाण सरहद्द चारपाच मैलांवर राहिली होती. तिथे त्यांनी जुन्या नकाशावर भरवसा ठेवून लंडीखाना स्टेशनची चौकशी केली. ते स्टेशन कधीच बंद पडलेले! लोकांना संशय आला आणि तिघे पकडले गेले. हेर म्हणून तिथेच त्यांचे काही बरेवाईट झाले असते. पण छावणीच्या प्रमुखपदी आधी असलेल्या पाकिस्तानी अधिकाऱ्याशी संपर्क झाला आणि ही माणसे कोण, हे त्याने सांगितल्यावर तिघांचे प्राण वाचले.

आता शिक्षा काय? इथे करार मला फार शहाणा वाटतो. कैद्याने पळून जाण्याचा प्रयत्न करणे हा त्याच्या सैनिकधर्माचा भाग आहे, असे हा कायदा धरून चालतो. पळताना पकडला गेला तर फक्त शिस्तभंगाची शिक्षा, आणि तीही ३० दिवसांहून अधिक नाही. तिघांना एकांतकोठडी मिळाली. फाशी नाही, गोळी नाही. १ डिसेंबर १९७२ रोजी ते वाघा सरहद्दीवरून मायदेशी परतले. परुळकर पुढे ग्रुप कॅप्टन होऊन निवृत्त झाले. कागदावरच्या कायद्याने तीन जितीजागती माणसे घरी आणून सोडली, ती अशी.

दुसरे विजय वसंत तांबे. ५ डिसेंबर १९७१ ला त्यांचे विमान पाकिस्तानात शोरकोटजवळ पडले. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेले. पाकिस्तानातल्या एका वर्तमानपत्रात पकडलेल्या वैमानिकांत त्यांच्या नावाशी जुळणारे नाव छापून आले, म्हणून घरच्यांना आशा वाटली. पण कैद्यांच्या अधिकृत यादीत हे नाव कधी आलेच नाही. कैद्यांची अदलाबदल झाली, परुळकरांसारखे परतले; तांबे परतले नाहीत. अशा बेपत्ता ५४ जणांचा प्रश्न आपल्याकडे वर्षानुवर्षे संसदेत आणि कोर्टात घुमतो आहे. आमच्याकडे असे कोणी नाही, असे पाकिस्तान म्हणत आले. २००७ मध्ये काही नातेवाइकांना तिकडचे तुरुंग दाखवले गेले, त्यांत दमयंतीबाईही होत्या. हाती काही लागले नाही.

बँकेत काम केलेल्याला ह्या गोष्टीचा चटका वेगळा बसतो. दर नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला रांग लावत. त्यात पुष्कळ माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा असत. कोणी थट्टेने म्हणे, "साहेब, मी समोर उभा हाय, अजून कसला दाखला?" मी हसून फॉर्म पुढे करायचो. पण एकदा एका घरातले प्रकरण आले. मुलगा मुंबईला म्हणून गेला तो परत आला नाही. सात वर्षे ज्याची काही खबर नाही त्याला कायदा मृत धरू शकतो. त्या आधाराने वडील खात्यातली शिल्लक मिळावी म्हणून अर्ज घेऊन आले. आईने अंगठा द्यायला नकार दिला. "म्या अंगठा दिला की त्यो मेला," एवढेच ती म्हणाली आणि पदर सावरून बाकावर बसून राहिली. शिल्लक फार नव्हती. वडिलांनी अर्ज घडी करून खिशात घातला.

हयातीचा दाखला नाही आणि मृत्यूचाही नाही, अशा मधल्या जागी जे घर अडकते त्याचे दुःख मी त्या दिवशी पाहिले. युद्धात बेपत्ता झालेल्यांची घरे ह्याच जागी आहेत, आपल्याकडची आणि तिकडचीही. म्हणून सांगतो, पकडलेल्या माणसाची नोंद करणे ही कारकुनी बाब नव्हे. परुळकरांचे नाव यादीत होते आणि तांबे ह्यांचे नव्हते. दोन घरांच्या नशिबात एवढा फरक पडला.

आता खरा प्रश्न. आमचे सुभेदार तो नेहमी विचारतात, आणि त्यांना तो विचारण्याचा अधिकार आहे. "अण्णा, समोरचा नियम पाळत नसंल, तर आमीच का पाळायचा?" १९९९ च्या कारगिल युद्धात कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांचे पाच साथीदार ह्यांचे देह परत मिळाले तेव्हा त्यांवर छळाच्या खुणा होत्या, असे आपल्या लष्कराने सांगितले, पाकिस्तानने ते नाकारले. असे काही ऐकले की रक्त उसळते. ते उसळू नये, असे मी म्हणणार नाही.

आपल्यातला प्रत्येक जण इथे कर्णाच्या रथाचे चाक आठवतो. चाक जमिनीत रुतले, कर्ण धर्माची आठवण देऊ लागला, आणि भगवंतांनी त्याला विचारले की द्रौपदीच्या वेळी, अभिमन्यूच्या वेळी हा धर्म कुठे होता? हा दाखला मोठा जबरदस्त आहे, आणि भगवंतांच्या लीलेचा न्याय करायला मी कोण? पण माणसांनी तो दाखला आपल्यासाठी वापरायचा, तर महाभारत पुढेही वाचावे लागते. युद्धाच्या आरंभी दोन्ही पक्षांनी नियम ठरवले होते: पळणाऱ्यावर वार नाही, निःशस्त्रावर नाही, सारथी आणि वाद्ये वाजवणारे ह्यांच्यावर नाही. मग एकेक नियम मोडत गेला, आणि प्रत्येक वेळी मोडणाऱ्याकडे आधीच्या मोडलेल्या नियमाचे कारण होते. अभिमन्यू, द्रोण, कर्ण, दुर्योधनाची मांडी. शेवटी अठराव्या दिवसाच्या रात्री अश्वत्थामा झोपलेल्या छावणीत शिरला. कृपाचार्य अडवू लागले तेव्हा त्याने काय कारण दिले? धर्माचा बांध पांडवांनी आधीच फोडला आहे, आता मला कसला अडवता! आणि द्रौपदीचे पाचही मुलगे झोपेत मारले गेले.

'समोरच्याने मोडला म्हणून मी मोडतो' ह्या वाटेचे टोक व्यासांनी असे दाखवून ठेवले आहे. त्या टोकाला शेवटी निजलेली मुले सापडतात. जिनिव्हा कराराने हीच वाट सुरुवातीलाच बंद केली: युद्धकैद्यांवर सूड उगवण्यास मनाई आहे, समोरचा कसाही वागो.

ह्याला माझ्याकडे बँकेतले उत्तरही आहे. थकबाकीदार बुडवतो. बुडवणारा नेहमीच असतो. त्याच्यावर दावा लावा, जप्ती आणा, सगळे करा. पण त्याने बुडवले म्हणून मी माझ्या खतावणीत खोटी नोंद करू शकत नाही. तशी केली तर त्याचे काही बिघडत नाही. माझी शाखा बुडते. ती खतावणी त्याच्यावर उपकार म्हणून मी लिहीत नव्हतो, माझ्या बँकेच्या इभ्रतीसाठी लिहीत होतो. शत्रूचे खाते तसेच. नाव त्याचे असले तरी वही आपली असते.

हा विचार परदेशातून आपल्याकडे आला, असे कोणी समजू नये. १६७० च्या दशकात चिपळूणजवळ मुक्काम असलेल्या आपल्या फौजेला शिवछत्रपतींनी पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेचे धान्य, वैरण, भाजीपाला जबरदस्तीने घेऊ नका, बाजारातून पैसे मोजून घ्या. नाहीतर लोक म्हणतील की ह्यांच्यापेक्षा मोगल बरे, असा त्याचा आशय. रसद आणि शिस्त जाणणाऱ्या सेनापतीचे हे शहाणपण आहे. जी फौज आज रयतेची भाजी लुटते ती उद्या हुकूम मोडते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आणि मेलेल्या शत्रूबद्दल? आपल्याच जिल्ह्यात प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची कबर आहे. आपल्या रहिमतपुरातही रणदुल्लाखानाच्या नावाने ओळखली जाणारी कबर आणि मशीद आहे. आदिलशाहीचा हा सरदार. शत्रू मेल्यावर वैर संपते, हे इथल्या मातीला कोणी जिनिव्हाहून येऊन शिकवलेले नाही.

कारगिलमध्येही हेच झाले. पाकिस्तानने आपल्याच कित्येक जवानांचे देह स्वीकारायला नकार दिला. तेव्हा आपल्या सैनिकांनी त्या उंचीवर, त्या थंडीत, त्यांचे इस्लामी रीतीने आणि इतमामाने दफन केले. कालियांच्या बातमीला तेव्हा काही आठवडेच झाले होते. खड्डे खणणाऱ्या त्या जवानांच्या मनात काय चालले असेल? तरी त्यांनी ते केले. माझ्या मते त्या युद्धातले हेही एक शिखर आहे, आणि ते जिंकताना एकही गोळी लागली नाही.

पण वही तपासायची तर दोन्ही बाजू तपासाव्या लागतात. १९७१ मध्ये सुमारे ९३ हजार कैदी आपल्या ताब्यात आले, त्यांत काही नागरिकही होते. एवढ्या माणसांना आपण जेवू घातले, त्यांची पत्रे जाऊ दिली, आणि जगाने ते पाहिले. मात्र लढाई थांबल्यावर कैदी विनाविलंब सोडावेत, असे कराराचे ११८ वे कलम सांगते. लढाई १६ डिसेंबर १९७१ ला पूर्वेत आणि दुसऱ्या दिवशी पश्चिमेत थांबली. शेवटचे कैदी परतले ते एप्रिल १९७४ मध्ये. बांगलादेशाची मान्यता, तिथल्या अत्याचारांचे खटले, तिन्ही देशांची बोलणी, अशी कारणे होती आणि ती खोटी नव्हती. तरी तिकडच्या एखाद्या आईला ही कारणे सांगून काय उपयोग? आपल्या बाजूलाही एवढी थकबाकी राहिली, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. उलट ते मान्य केले तरच तांबे ह्यांचे नाव आपण ताठ मानेने विचारू शकतो.

आता आजची युद्धे. श्रीमद्भागवतात अवधूतांनी यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, त्यांत एक शरकार आहे, बाण करणारा. तो आपल्या कामात इतका गढला होता की जवळून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला कळले नाही. चित्ताच्या एकाग्रतेचा तो धडा आहे आणि साधकाने तो तसाच घ्यावा. पण हल्ली बातम्या बघताना माझ्या मनात येते, की आजचा बाण सोडणारा शेकडो मैलांवर पडद्यासमोर बसलेला असतो. त्याचेही लक्ष असेच एकाग्र. त्याला मात्र रस्त्यावरून कोण चालले आहे हे न दिसून चालणार नाही. ती वरात आहे की तुकडी, तो ट्रक दारूगोळ्याचा आहे की पिठाचा, हे त्याने बघायलाच हवे. हा कायदा त्याला तीन गोष्टी सांगतो. लढणारा आणि न लढणारा ह्यांत फरक कर. लष्करी फायद्याच्या मानाने निरपराधांची हानी अवाच्या सवा होणार असेल तर हात आवर. आणि बाण सोडण्याआधी खात्री करून घे.

लोक विचारतात, शत्रूच दवाखान्यात दडला तर? कायद्याने हाही विचार केला आहे. दवाखान्याचा वापर लढाईसाठी झाला तर त्याचे संरक्षण जाऊ शकते. पण आधी इशारा द्यावा लागतो, शक्य तिथे मुदत द्यावी लागते, आणि आतले रोगी तेवढ्याने शत्रू होत नाहीत. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलमध्ये सुमारे १२०० माणसे मारली, त्यांत बहुसंख्य साधे नागरिक होते, आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेले. त्यानंतर गाझामध्ये हजारो बायकामुले बॉम्बखाली गेली. पहिल्या पापाने दुसरे धुतले जात नाही आणि दुसऱ्याने पहिलेही नाही. दोन्ही खाती वेगवेगळी लिहायची असतात. एकाची बाकी दुसऱ्यात वळती करता येत नाही.

मान्य, की ह्या कायद्याला पोलीस नाही. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये रशियाच्या अध्यक्षांवर आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये इस्रायलच्या पंतप्रधानांवर अटकेचे वॉरंट काढले, हमासच्या एका सेनापतीवरही काढले. पण वॉरंट बजावायला कोण जाणार? बळी तो कान पिळी, हे आजही आहे. तरी एक गोष्ट बघा. दवाखान्यावर बॉम्ब टाकणारा सुद्धा 'मी दवाखान्यावर टाकला' असे अभिमानाने सांगत नाही. तो म्हणतो, तिथे शत्रू होता. किंवा म्हणतो, तो बॉम्ब माझा नव्हेच. त्याला खोटे बोलावे लागते, ह्याचा अर्थ नियम त्याच्याही मनात जिवंत आहे. चोऱ्या होतात म्हणून चोरीचा कायदा कोणी रद्द करत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे सेनापतींचे आणि पुढाऱ्यांचे. आपण नातवंडे सांभाळणारी माणसे, आपला काय संबंध? संबंध आहे. ह्याच कराराच्या १३ व्या कलमात लिहिले आहे, की कैद्याला अपमानापासून आणि लोकांच्या बघेपणापासूनही जपावे. २७ फेब्रुवारी २०१९ ला आपले विंग कमांडर अभिनंदन वर्धमान पकडले गेले. रक्ताने माखलेल्या चेहऱ्याचा त्यांचा व्हिडिओ तिकडून पसरला तेव्हा आपल्या घराघरात संताप झाला. आपल्या सरकारने ह्याच कायद्याचा आधार घेऊन निषेध केला. १ मार्चला ते परत आले तेव्हा आपण देवापुढे साखर ठेवली.

मग दुसऱ्या कोणाचा मुलगा असाच हात बांधलेला, गुडघ्यावर बसवलेला, आपल्या मोबाईलवर येतो तेव्हा आपण काय करतो? बऱ्याच वेळा हसणारे चित्र जोडून चार गटांत पुढे पाठवतो. तो रशियाचा असो, युक्रेनचा असो, शेजारचा असो. तिथे कोणी सेनापती आपल्याला हुकूम देत नसतो. अंगठा आपला असतो. त्या अडाणी आईने आपला अंगठा आवरला, कारण त्या अंगठ्याने एक माणूस मरेल असे तिला वाटले. तेवढी जाण आपल्या अंगठ्याला आली, तर १४३ कलमांतले एक कलम तरी रहिमतपुरात पाळले गेले, असे मी म्हणेन. आणि शेजारी बसलेला नातू, जो कदाचित उद्या वर्दी घालील, तो हे पाहत असतो.

दत्तप्रभूंच्या दारी भिक्षा मागणाऱ्याला 'तू कोणाचा' असे विचारायचे नसते, हे आपल्या परंपरेतले साधे वळण आहे. शस्त्र खाली ठेवलेला माणूस हाही एका अर्थी भिक्षाच मागत असतो, प्राणाची. ती घालताना आपले जवान सुखरूप राहोत, बेपत्ता झालेल्यांच्या घरी निदान खरी खबर पोचो, आणि आपली वही स्वच्छ राहो, एवढेच ह्या जयंतीला श्रीचरणी मागणे.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त.